कडक भाकरी-शेंगा चटणीचं युनिट टाकायचंय: कुठली योजना, अर्ज कुणाच्या नावाने आणि जागा कुठली?

शेळगीकर

नमस्कार मंडळी. सध्या हाताला काम नाही. कडक भाकरी आणि शेंगा चटणीचं छोटं युनिट टाकायचं दोघांनी मिळून ठरवलंय. कोटेशनं घेऊन झाली. पीठगिरणी, पीठ मळायचं मशीन, भाकरीचा प्रेस, सुकवायची भट्टी, चटणीचं कांडप मशीन आणि पाकीट सील करायचं मशीन मिळून ४ लाख ६० हजार. वायरिंग, स्टीलची टेबलं, रॅक वगैरे ६० हजार. खेळतं भांडवल २ लाख ८० हजार धरलंय. एकूण ८ लाख.

आम्ही सोलापूरचे. जागा दोन आहेत. एक शेळगीत भाड्याचा गाळा, दुसरी कुंभारीत सासूबाईंच्या नावावरची पत्र्याची मोठी खोली. मी खुल्या प्रवर्गातला, बारावी. बायको दहावी, आणि खरं काम तिलाच येतं.

पीएमईजीपी (पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रम), सीएमईजीपी (तसाच मुख्यमंत्री कार्यक्रम), पीएमएफएमई (छोट्या अन्नप्रक्रिया उद्योगांची योजना), मुद्रा कर्ज अशी चार नावं चार जणांनी सांगितली. कुठली घ्यावी? सबसिडी हातात कधी येते? एक एजंट म्हणतोय, सबसिडीतले १२ टक्के द्या, फाईल मी पास करतो.

---

पेठकर

मालक, योजनेचं नाव नंतर बघू. आधी जागा आणि अर्जदार ठरवा, पैशाचा सगळा फरक तिथंच पडतो.

पीएमईजीपीत सर्वसाधारण प्रवर्गाला शहरात १५ आणि ग्रामीण भागात २५ टक्के सबसिडी आहे. अनुसूचित जाती-जमाती, ओबीसी, अल्पसंख्याक, महिला, माजी सैनिक, दिव्यांग हे विशेष प्रवर्गात येतात, त्यांना शहरात २५ आणि ग्रामीणला ३५ टक्के. स्वतःचा हिस्सा सर्वसाधारणला १० टक्के, विशेषला ५ टक्के. महिला कुठल्याही जातीची असो, ती विशेष प्रवर्गातच धरतात. तुमच्या ८ लाखांवर हिशोब असा बसतो:

तुमच्या नावाने, शेळगीत: सबसिडी १ लाख २० हजार, घरचे ८० हजार.
वहिनींच्या नावाने, शेळगीत: सबसिडी २ लाख, घरचे ४० हजार.
वहिनींच्या नावाने, कुंभारीत: सबसिडी २ लाख ८० हजार, घरचे ४० हजार.

मशीन तेच, भाकरी तीच, आणि पहिल्या-तिसऱ्या ओळीत १ लाख ६० हजारांचा फरक.

शेळगी, बाळे, केगाव, सोरेगाव या भागांत अजून लोक ‘आमचं गाव’ म्हणतात. सातबाऱ्यावरही गावाचं नाव असतं. त्या भरवशावर बरेच जण अर्जात ‘ग्रामीण’ टाकून मोकळे होतात. पण हा सगळा हद्दवाढ भाग, महापालिकेतला. योजनेत पंचायतीखालचा भाग तेवढा ग्रामीण, पालिका-महापालिकेतला शहरी. कुंभारीला ग्रामपंचायत आहे, त्यामुळे ती ग्रामीणमध्ये बसते, ग्रामपंचायतीचा तसा दाखला जोडायचा. आणि युनिट कुठं आहे ते बघतात, राहता कुठं ते नाही. शेळगीत राहून कुंभारीत युनिट टाकलं तरी ३५ टक्केच. उलट कुंभारी दाखवून मशीन शेळगीत लावली, तर पडताळणीला माणूस येतो तेव्हा उघडं पडतं आणि सबसिडी परत जाते.

सासूबाईंच्या खोलीसाठी ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा उतारा त्यांच्या नावाचा हवा, आणि त्यांच्याकडून वहिनींच्या नावे भाडेकरार. नुसतं शंभराच्या स्टॅम्पवरचं संमतीपत्र काही शाखांत चालतं, काहींत नाही. करार नोंदणीकृतच करा. मुदत ११ महिन्यांची ठेवू नका. कर्ज पाच वर्षांचं आणि करार ११ महिन्यांचा म्हटल्यावर बँक फाईल बाजूला ठेवते, त्यात तिची चूकही नाही.

शिक्षणाची अडचण नाही. उत्पादनात १० लाखांच्या वर आणि सेवेत ५ लाखांच्या वर प्रकल्प असेल तरच आठवी पास लागते. उत्पन्नाची वरची मर्यादा नाही. वय १८ पूर्ण हवं. ‘बेरोजगार असल्याचा दाखला’ असं काही पीएमईजीपी मागत नाही, त्यासाठी तहसीलला खेटे घालू नका.

एक गोष्ट मात्र आजच थांबवा. ‘उद्यम’ (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) अजून केली नसेल तर करू नका. योजना फक्त नव्या युनिटला आहे. लोक उत्साहात आधी उद्यम काढतात, त्यात धंदा सुरू झाल्याची तारीख मागची टाकतात, मग पोर्टलवर अर्ज करतात. कागदावर युनिट जुनं दिसतं आणि अर्ज तिथंच संपतो. आधी अर्ज, मंजुरी आली की उद्यम. ती फुकट असते आणि अर्ध्या तासात होते.

---

मालदांडी

पेठकरांचा हिशोब बरोबर आहे, पण अन्नप्रक्रिया असल्यावर पीएमएफएमई सोडून कसं चालेल? ती कृषी विभागाकडून राबवली जाते. तिथं शहर-ग्रामीण, स्त्री-पुरुष, जात असा फरक नाही, सरसकट ३५ टक्के, कमाल १० लाख, स्वतःचा हिस्सा किमान १० टक्के. चालू युनिटही बसतं. म्हणजे ज्यांचं उद्यम आधीच निघालंय, त्यांना हीच वाट.

फक्त एक मेख आहे. या ३५ टक्क्यांत खेळतं भांडवल धरत नाहीत. मशिनरी आणि तांत्रिक बांधकाम, तेही बांधकाम प्रकल्पाच्या ३० टक्क्यांच्या आत. तुमचे ४ लाख ६० हजार धरले तर सबसिडी १ लाख ६१ हजार. पीएमईजीपीत खेळत्या भांडवलाचं एक चक्र प्रकल्प खर्चात धरतात, म्हणून तिथं पूर्ण ८ लाखांवर टक्के लागतात.

तेव्हा तुमच्यापुरतं बोलायचं तर कुंभारी आणि वहिनी असं जमत असेल तर पीएमईजीपी. शेळगीच पक्की आणि अर्ज तुमच्याच नावाने असेल तर पीएमएफएमई (१.२० च्या जागी १.६१). मशिनरी जास्त आणि माल कमी लागणारा धंदा असेल, समजा डाळमिल, तर पारडं पीएमएफएमईकडे आणखी झुकतं.

पीएमएफएमईचा प्रकल्प अहवाल आणि अर्ज भरून द्यायला जिल्हा संसाधन व्यक्ती नेमलेल्या असतात, त्यांचं मानधन सरकार देतं. जिल्हा अधीक्षक कृषी अधिकारी कार्यालयात यादी मिळेल. केंद्राच्या या दोन्ही योजनांना मंजुरी २०२५-२६ या आर्थिक वर्षापर्यंतची, म्हणून अर्ज भरायच्या दिवशी पोर्टल नवे अर्ज घेतंय का ते आधी पाहून घ्या.

---

नवी पेठ नाका

सीएमईजीपीबद्दल थोडक्यात. राज्याची योजना, २०१९ पासून. टक्केवारी पीएमईजीपीसारखीच, १५ ते ३५. महाराष्ट्राचा रहिवास दाखला लागतो. अर्ज वेगळ्या पोर्टलवर, पण जिल्हा उद्योग केंद्र तेच. दोन्हीकडून सबसिडी घेता येत नाही.

मुद्रेत सबसिडीच नाही. शिशु ५० हजारांपर्यंत, किशोर ५ लाखांपर्यंत, तरुण १० लाखांपर्यंत. तारण लागत नाही, एवढाच फायदा. अर्ज लवकर हलतो म्हणून लोक घेतात.

एजंटाला हात जोडा. पोर्टलवर अर्जाला फी नाही. २ लाख ८० हजारांचे १२ टक्के म्हणजे ३३ हजार ६०० रुपये. वहिनींचा स्वतःचा हिस्साच ४० हजार आहे!

---

शेळगीकर

मनापासून आभार. कुंभारीच करू, अर्ज बायकोच्या नावाने. कारभार मी बघितला तर चालेल ना? आणि सबसिडी खात्यात आली की लगेच वापरता येते का?

---

खातेवही

बँकेच्या बाजूने सांगतो.

कारभार तुम्ही बघा, पण शाखेत बोलायला ताई एकट्या आल्या पाहिजेत आणि त्यांना आकडे तोंडपाठ पाहिजेत. ज्वारी काय भावाने घेणार, दिवसाला किती भाकरी, पाकीट कितीला विकणार, दुकानदार पैसे किती दिवसांनी देतो. हे चार प्रश्न नवऱ्याकडे बघत उत्तरले की ‘नावाला बायको’ असा शेरा मनातल्या मनात पडतो. त्यांना काम येतं म्हणताय, तर सोपं आहे. प्रकल्प अहवाल दुसऱ्या कुणी टाईप केला तरी आकडे ताईंनी सांगितलेले असू द्या. शिवाय नवरा-बायको मिळून एक कुटुंब, एकच युनिट. नंतर ‘आता माझ्या नावाने दुसरं’ असं होत नाही.

सबसिडी हातात येत नाही. क्रम असा चालतो. अर्ज जिल्हा उद्योग केंद्र तपासतं, गुणांकन करतं आणि बँकेकडे पाठवतं (कुठली शाखा ते अर्जात तुम्हीच निवडलेलं असतं). बँक मंजुरी देते. मग उद्योजकता प्रशिक्षण. ५ लाखांच्या वरच्या प्रकल्पाला १० दिवसांचं, ते ऑनलाईनही होतं. ताईंनी ४० हजार भरायचे, मग बँक ७ लाख ६० हजारांचं कर्ज वाटायला लागते. पहिला हप्ता वाटल्यावर बँक सबसिडीची मागणी करते. ते २ लाख ८० हजार येतात आणि ताईंच्या नावाने मुदत ठेवीत, म्हणजे टीडीआरमध्ये, तीन वर्षं अडकून बसतात. तीन वर्षं युनिट चालू, खातं नियमित, जागेवरची पडताळणी झालेली असली की रक्कम कर्जात वळती होते. मध्येच युनिट बंद पडलं तर सबसिडी परत जाते आणि सगळं कर्ज तुमच्या माथी राहतं.

या ठेवीवर बँक व्याज देत नाही आणि तेवढ्या कर्जावर व्याज लावायचंही नसतं. ७ लाख ६० हजारांतले २ लाख ८० हजार वजा, व्याज ४ लाख ८० हजारांवर. पण टीडीआरची नोंद संगणकात कर्जखात्याला जोडायची राहून गेली, तर व्याज पूर्ण रकमेवर पडत राहतं. ११ टक्के दर धरला तर २ लाख ८० हजारांवरचं महिन्याचं व्याज सुमारे २,५६७ रुपये. सबसिडी आल्यानंतरच्या पहिल्या महिन्याचं स्टेटमेंट काढा आणि व्याजाच्या ओळीवर पेन्सिल ठेवून गुणाकार करा. चूक निघाली तर लेखी द्या, दुरुस्त होते.

आता खेळत्या भांडवलाचं. हा भाग कॅश क्रेडिट खात्यात (ठरलेल्या मर्यादेत लागेल तसे काढायचे-भरायचे) मिळतो. मार्गदर्शक सूचनांत अट आहे की तीन वर्षांत एकदा तरी पूर्ण मर्यादा वापरलेली दिसली पाहिजे आणि वापर मर्यादेच्या ७५ टक्क्यांच्या खाली नको. कमी वापरलं तर त्या प्रमाणात सबसिडी परत घेतात. म्हणून सबसिडी वाढावी म्हणून भांडवल फुगवू नका. असं मोजा: दिवसाचा खर्च समजा ५,५०० रुपये. कच्चा माल ७ दिवसांचा, तयार माल ३ दिवसांचा, दुकानदाराची उधारी २५ दिवस. एकूण ३५ दिवस, म्हणजे १ लाख ९२ हजार ५००. उरलेले ८७ हजार ५०० हे मळणी झाल्यावर ज्वारी भरून ठेवायला आणि छापील पाकिटांना. तुमचे २ लाख ८० हजार योग्य वाटतात, फक्त अहवालात ही फोड दाखवा.

फाईल अडकते ती बहुतेक दोन कारणांनी. पहिलं, सिबिल, म्हणजे आधीच्या कर्जफेडीची नोंद. ताईंच्या नावावर मायक्रोफायनान्सचं गटकर्ज असेल आणि गटातल्या कुणाच्या हप्त्यामुळे उशीर झाला असेल, तर तो ताईंच्या नावावर दिसू शकतो. फ्रिज-मोबाईलचा दोन-तीनशे रुपयांचा थकलेला शेवटचा हप्ताही दिसतो. अशी नोंद ठेवणाऱ्या प्रत्येक संस्थेकडून वर्षातून एक पूर्ण अहवाल फुकट मिळतो. तो आधी काढा, थकबाकी भरा, ना-देय दाखला घ्या, मग अर्ज. नोंद दुरुस्त व्हायला वेळ लागतो. दुसरं, नाव. आधारवर एक, पॅनवर दुसरं. लग्नाआधीचं आडनाव पॅनवर राहिलेलं असतं. अर्जाच्या आधी सारखं करून घ्या.

तारणाचं म्हणाल तर एवढ्या रकमेच्या सूक्ष्म उद्योग कर्जाला बँकेने तारण मागायचं नसतं, रिझर्व्ह बँकेचा तसा स्पष्ट आदेश आहे. घराचा उतारा मागितला तर मागणी लेखी द्या म्हणा. नम्रपणे.

---

भट्टीवाला

मशीनबद्दल कुणी बोललंच नाही, आणि खरं युनिट तिथंच बसतं.

कोटेशन जीएसटी नंबर असलेल्या विक्रेत्याचंच हवं. बँक पैसे थेट त्याच्या खात्यात पाठवते. तुम्ही आधीच ‘बुकिंग’ म्हणून वीस हजार रोख देऊन बसलात तर ते तुमच्या हिश्श्यात धरलं जाईलच असं नाही. मंजुरीनंतर विक्रेता बदलला तरी पुन्हा कोटेशन, पुन्हा मंजुरी.

सगळ्या मोटरींचे एचपी एका कागदावर मांडून बेरीज करा. गिरणी, कांडप आणि मळायचं मशीन एकत्र चालवायचं असेल तर थ्री फेज लागेल. कुंभारीतल्या त्या खोलीपर्यंत थ्री फेजची लाईन आहे का, खांब किती लांब, हे महावितरणच्या कार्यालयात आधी विचारा. कर्ज वाटप झालं, मशीन आल्या, हप्ता सुरू झाला आणि मीटर नाही, अशी युनिटं धंद्याच्या आधीच थकतात. कनेक्शनचा खर्च तुमच्या ६० हजारांत आहे का? नसला तर प्रकल्पात घाला, नंतर घालता येत नाही.

कडक भाकरीत सगळा खेळ ओलाव्याचा. तव्यावर भाजून झाल्यावर मंद आचेवर सुकवताना कडा कडक होतात आणि मधला भाग दमट राहतो. हाताला कळत नाही. गरम असतानाच पाकिटात भरली की आत वाफ धरते, चार दिवसांत मऊ पडते आणि मग बुरशी. पूर्ण थंड करून, मधोमध मोडून बघून भरायची. मोडताना कटकन आवाज आला पाहिजे, वाकली तर परत भट्टीत. भट्टी घेताना ट्रेमधलं अंतर आणि पंखा बघा. पंखा नसलेल्या स्वस्त भट्टीत वरचा ट्रे करपतो आणि खालचा ओला राहतो. शिवाय वाहतुकीत फूट होते. ती शून्य धरून नफा काढू नका, तुकड्यांचा चुरा वेगळा विकायचा की फेकायचा ते आधी ठरवा.

शेंगा चटणी कांडपावर कुटूनच करा. मिक्सरच्या पात्यावर ती नुसती पूड होते, कुटताना जे तेल सुटतं आणि चटणी गोळा धरते ते होत नाही. सोलापूरचं गिऱ्हाईक पहिल्या घासाला ओळखतं. दाणे भाजण्याआधी निवडा. काळपट, सुरकुतलेले, बुरशी लागलेले दाणे एका मुठीने अख्खी घाणी कडू करतात आणि तपासणीत अफ्लाटॉक्सिन (बुरशीचं विष) निघालं तर माल परत येतो. लसूण ओला असेल तर टिकाऊपणा कमी, म्हणून तो सुकवून किंवा परतून घालतात. लेबलवर शेंगदाणा हा ॲलर्जीचा घटक म्हणून ठळक लिहावा लागतो.

अन्न सुरक्षेची नोंदणी किंवा परवाना, उलाढालीप्रमाणे जे लागेल ते काढा. पाण्याचा तपासणी अहवाल सोबत ठेवा, बोअरचं पाणी असेल तर हमखास. पाकिटावर निव्वळ वजन, एमआरपी, तयार केल्याची तारीख, किती दिवसांत वापरायचं, पत्ता आणि नोंदणी क्रमांक. वजनकाट्यावर वैधमापनचा शिक्का. पाकिटं छापून आणायच्या आधी हे सगळं पक्कं करा. पाच हजार पाकिटं छापून आल्यावर नोंदणी क्रमांक चुकलेला दिसला की स्टिकर चिकटवत बसावं लागतं.

---

पेठकर

भट्टीवाल्यांच्या सांगण्यात एक भर. पीएमईजीपीची एक नकारात्मक यादी असते, त्यातल्या धंद्यांना कर्जच नाही. विडी त्यात आहे, तंबाखू-पान-दारू आहे. हे इथं सांगायचं कारण म्हणजे विडी घरकुल या विडी कामगारांच्या वसाहतीकडून बऱ्याच बायका ‘विडीचंच स्वतःचं काढायचंय’ म्हणून चौकशीला येतात आणि हात हलवत जातात. त्यांच्यासाठी शिलाई बरी. गणवेशाचं काम सोलापुरात आहेच, आणि दर्जी हा पीएम विश्वकर्मातल्या १८ व्यवसायांपैकी एक. तिथं अवजारांसाठी १५ हजार, आणि ५ टक्के व्याजाने आधी १ लाख, ते फेडल्यावर २ लाख. विणकर मात्र त्या यादीत नाही, ते लक्षात ठेवा.

---

शेळगीकर

थ्री फेजचं आज विचारलं. खांब खोलीपासून तीनशे फुटांवर आहे म्हणतात. सिबिलमध्ये बायकोच्या नावावर एक गटकर्ज दिसतंय, दोन हप्ते बाकी. आणि पॅनवर माहेरचं आडनाव आहे.

---

खातेवही

मग या क्रमाने चला. आधी गटाचे दोन हप्ते आणि ना-देय दाखला. त्याच आठवड्यात पॅनवरचं नाव आधारप्रमाणे करायला टाका. हे दोन्ही होईपर्यंत भाडेकराराची नोंदणी आणि ग्रामपंचायतीचे दाखले. महावितरणचा अंदाजखर्च लेखी घ्या आणि तो आकडा प्रकल्पात घाला, ८ लाखांचे सव्वाआठ झाले तरी चालतील, १० च्या आत आहात. सिबिल पुन्हा काढून थकबाकी शून्य दिसली की मगच पोर्टल उघडा. कोटेशनवरची तारीख तोपर्यंत जुनी होईल, विक्रेत्याकडून नवीन तारखेचं घ्यायला विसरू नका.